होडीला वाचून दाखविलेला कागद

पनवेलच्या मामलेदार कचेरीच्या फाटकाबाहेर डाव्या हाताला पत्र्याचे एक छप्पर आहे. त्याखालचे तिसरे टेबल माझे. पहिल्या दोन टेबलांवर टाइपरायटर आहेत. माझ्याकडे शाईचे पेन आहे आणि अक्षर आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, हे मी लपवीत नाही. मात्र ज्या पदवीधरांचे अर्ज मी लिहून दिले त्यांची नावे सांगण्याचा मोह आवरतो. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. पहिल्या भेटीत सांगायचे तेवढे राहून जाते.

या अंकाच्या संपादक महाशयांनी माझ्या व्यवसायातील अनुभव मागितले, यात त्यांची दृष्टी दिसते. अर्ज लिहिणे म्हणजे समोरचा बोलेल ते उतरवून काढणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. माणूस आधी शेजाऱ्याला शिव्या देतो, मग आपले दुखणे सांगतो, मग वडिलांचा मोठेपणा, आणि उठता उठता खरे काम बोलतो. ते उठता उठता उच्चारलेले वाक्य ‘विषय’ या शब्दापुढे लिहायचे, ही या कामाची पहिली किल्ली. विचुंब्याच्या नव्या वसाहतीतील एक गृहस्थ समोरच्या इमारतीच्या सावलीविरुद्ध अर्ज लिहवून घ्यावयास आले होते. तासाभराने कळले, की सावली पत्नीच्या पापडांवर पडते. मी अर्ज सरकारकडे न पाठविता त्या इमारतीच्या चेअरमनच्या नावे लिहिला. चेअरमनने पापडांसाठी आपली गच्ची देऊ केली. ज्याला अर्ज कोणाच्या नावे करावा हे कळते, त्याला निम्मे यश तेथेच मिळते.

दुसरी किल्ली कागदाच्या तळाशी असते. ‘सदर मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे.’ त्याखाली सही किंवा अंगठा. हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्याची अब्रू. ज्याला अक्षरओळख नाही, तो या एका वाक्याच्या भरवशावर आपला अंगठा आमच्या हाती देतो. मी हे वाक्य किती वेळा लिहिले असेल याचा हिशोब नाही. त्यांपैकी एका वेळेची हकीकत सांगण्यासाठी हा लेख आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षे. सबनीसबाई नावाच्या भूगोलाच्या शिक्षिका निवृत्त झाल्या आणि त्यांनी बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या गोदामात वाहनसंग्रहालय काढले. विमाने किंवा राजेरजवाड्यांच्या मोटारी तेथे नव्हत्या. आपल्या तालुक्यात माणसे आणि माल ज्यांच्यातून गेला ती साधी वाहने होती: भाताचा छकडा, नवरीचा मेणा, लढाईच्या दिवसांत कोळशाच्या गॅसवर धावलेली सर्व्हिस मोटार, एक टांगा. नव्या पनवेलच्या वसाहतीत तेव्हा मुंबई-पुण्याची नोकरदार कुटुंबे राहावयास येत होती. त्यांना रविवारी मुलाबाळांना कोठे न्यावे हा प्रश्न होता. पोळीभाजीचे डबे घेऊन ती मंडळी गोदामात येऊ लागली.

पहिल्याच रविवारी एक कुटुंब फोटोसाठी टांग्यात चढले. एकंदर सात माणसे, आणि सर्व मागल्या बाकावर. टांग्याला घोडा नव्हता, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. दांड्या वर गेल्या, टांगा मागे कलंडला आणि आजीबाई अलगद जमिनीवर बसत्या झाल्या. त्यांना इजा झाली नाही. “आमच्या वेळी घोडा असायचा,” एवढेच त्या म्हणाल्या. परंतु टांग्याची दांडी तडकली, आणि दुसऱ्या दिवशी सबनीसबाई माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

“चौलकर, मला नियम हवेत. कडक हवेत.”

मी बारा कलमे लिहून दिली. कलम चार असे होते: ‘प्रदर्शित वस्तूंस कोणीही, कोणत्याही कारणास्तव व कोणत्याही वेळी हात लावू नये.’ पाटी रंगवून फाटकावर लागली. माझे वाक्य प्रथमच कागदावरून पाटीवर गेले होते. मी त्या आठवड्यात दोनदा त्या बाजूने फिरावयास गेलो, हे कबूल करतो.

मग बाईंनी वस्तू देणाऱ्यांकडून कागद करून घेण्याचे काम मजकडे सोपविले. मी देणगीपत्राचा एक नमुनाच तयार केला. त्याचा शेवटचा परिच्छेद मला फार आवडत असे: ‘सदर वस्तूवर आजपासून माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही, व संस्थेच्या परवानगीवाचून सदर वस्तूस हात लावण्याचा अधिकार मला असणार नाही.’ एवढे घट्ट वाक्य कचेरीच्या आतदेखील कोणी लिहीत नसेल, अशी माझी समजूत होती.

टांगा इस्माईलचाचांचा. त्यांना मी कागद वाचून दाखविला तेव्हा त्यांनी दोन हरकती घेतल्या. पहिली घोड्याची. घोडा वारला होता, तरी त्याचे नाव कागदावर हवे होते. “साहेब, टांगा तो ओढायचा, मी नुसता बसायचो. दस्तऐवजात माझं नाव आणि राजाचं नाही, ही नाइन्साफी आहे.” मी लिहिले: ‘सदर टांगा राजा नावाच्या घोड्याने ओढला.’ दुसरी हरकत शेवटच्या परिच्छेदाची. “हात लावायचा नाही, हे काढा. जुम्म्याला नमाजनंतर मी येणार, पितळ पुसणार. हा माझा शौक आहे.” बाईंनी मान्य केले आणि मी ती ओळ खोडली.

त्यानंतर हिराजी तांडेल आला. होडी चालविणाऱ्याला आपल्याकडे तांडेल म्हणतात. हिराजीचे गाव न्हावा शेव्याच्या बाजूला, खाडीकाठी. मिठागरातले मीठ आणि बाजाराची माणसे त्याने आपल्या होडीतून आयुष्यभर नेली-आणली. पुढे त्या बाजूला भराव पडला, घराजवळचे पाणी गेले, आणि होडी कोरड्या जमिनीवर राहिली. कोणी तरी त्याला संग्रहालयाचे सांगितले. गावकऱ्यांनी होडी ट्रकवर चढवून आणली आणि हिराजी कागदासाठी माझ्यापुढे बसला.

तो दिवस शाळाप्रवेशाच्या दाखल्यांचा होता. टेबलासमोरची रांग फाटकापर्यंत गेली होती. मी हिराजीला वरचे दोन परिच्छेद वाचून दाखविले, त्याच्या होडीचे वर्णन ऐकवून त्याला खूश केले, आणि नेहमीचा मजकूर आहे म्हणून कागद फिरवून शाईचा पॅड पुढे केला. त्याने अंगठा दिला. वरती माझ्याच हाताने लिहिले होते: ‘वाचून दाखविला.’

तीन महिने गेले. श्रावण लागला. नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले असता हिराजी माझ्या टेबलाशी आला. बरोबर त्याची बायको चांगुणाबाई.

“वकील, मना अर्ज पायजे,” हिराजी म्हणाला. “माज्या होरीला हात लावाची परवानगी पायजे.”

होडीला ती मंडळी होरी म्हणतात. मी चश्मा काढून विचारले, “काय घडले?”

“पुनवंच्या आदी तिला तेल लावतात. मी तेल घेऊन गेलो तर वाचमनने पाटी दाखवली. बोलला, हात लावाचा नाय. मी बोललो, माजी हाय. तो बोलला, होती.”

चांगुणाबाई बाकावर न बसता उभ्याच होत्या. “इतकी वर्सं हा त्या होरीला तेल लावीत आला. माज्या डोईला कदी लावला नाय. आनि आता पाटी सांगते हात लावू नको. ती पाटी कोनी लिवली, त्याचा हात मना एकदा बगाचा हाय.”

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना शाई होती. मी तो हात टेबलाखाली घेतला.

“परवानगी मिळाली नाही तर?”

“मंग मी ती परत नेतो,” हिराजी म्हणाला. “आजपरेंत तिचा नारल चुकला नाय. पानी नाय तर नाय, पन नारल चुकवून तिला परक्या घरात कशी ठेवू?”

“नेऊन ठेवाल कोठे?”

हिराजीने बायकोकडे पाहिले. उत्तर चांगुणाबाईंनी दिले. “अंगनात. पाऊस खाईल, वालवी खाईल. पन आमच्या डोल्यासमोर खाईल.” मग क्षणभराने, “आनि त्या टांगेवाल्याला पुसाला देतात. तो काय तुमच्या बहिनीचा नवरा हाय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते. इस्माईलचाचांना तो परिच्छेद मी वाचून दाखविला होता. हिराजीला नाही. परंतु ते मी बोललो नाही. मी म्हणालो, “आधी स्थळपाहणी करू.”

गोदामात बबन वॉचमन आमच्या मागे मागे चालला. होडी कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. पाटी लिहिणारा मी, पण एवढ्या दिवसांत मी वस्तूंजवळ कधी गेलोच नव्हतो. पाटीपर्यंत जाऊन परतत असे. हिराजी होडीपासून हातभर दूर उभा राहिला आणि वाकून बघू लागला. दवाखान्यात खाटेशी उभी राहिलेली माणसे जशी बघतात, तसे ते बघणे होते.

“सुकली,” तो म्हणाला.

चांगुणाबाईंनी कोपऱ्यातल्या खराट्यातून एक हीर उपसली आणि फळ्यांच्या सांध्यात घातली. हीर पलीकडून बाहेर आली. दुसऱ्या सांध्यातही तसेच झाले. बबन पुढे सरकला तशा त्या म्हणाल्या, “मी हात लावला नाय. हीर लावली. तुज्या पाटीत हीर हाय काय?”

पाटीत हीर नव्हती. मी मनात नोंद केली.

होडी पाण्यात असते तेव्हा लाकूड फुगून सांधे मिटतात. कोरड्यात ठेवली की तिला तेल पाजावे लागते, नाही तर ती उलत जाते. हे हिराजीने मला समजाविले. म्हणजे वस्तू सुरक्षित राहाव्यात म्हणून मी कलम चार लिहिले होते, आणि त्या कलमामुळेच ही वस्तू मरत होती. हा मुद्दा हाती येताच मला आनंद झाला, ही गोष्ट लिहिण्यास आज लाज वाटते. परंतु अर्जलेखकाला मुद्दा सापडल्याचा आनंद पहिल्यांदा होतो, बाकीचे नंतर सुचते.

रात्रीची वाट न पाहता तेथेच, बबनच्या स्टुलावर बसून मी अर्ज लिहिला. माझ्याच कलमाविरुद्ध लिहावयाचा असल्याने प्रतिपक्ष तुल्यबळ होता. नियमाचा हेतू, नियमाचा परिणाम, होडीची अवस्था, हिरीचा दाखला, परंपरेचा मान, आणि शेवटी टांग्याचे उदाहरण. दोन पाने झाली. हिराजीला मी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखविला.

दुसऱ्या दिवशी सबनीसबाई गोदामातल्या आपल्या टेबलाशी बसून तो अर्ज वाचीत होत्या. हातात लाल पेन्सिल होती. सवय जात नाही. समोर हिराजी, चांगुणाबाई आणि मी. बबन झाडू मारण्याच्या निमित्ताने जवळच होता.

“अर्ज उत्तम आहे,” बाई म्हणाल्या. “सांधे उलतात हे मला कोणी सांगितलं नाही.”

“सांगाला आलो तर फाटकावरून परत,” हिराजी म्हणाला. बबन पाठ फिरवून झाडू लागला.

“पण माझी अडचण वेगळी आहे.” बाईंनी फाईल उघडून देणगीपत्र काढले. “यांनी स्वतः लिहून दिलंय, की परवानगीवाचून हात लावणार नाही, कसलाही हक्क नाही. आज मी तेल लावू दिलं, उद्या छकडेवाला येईल, परवा मेण्यावाले. त्यांचेही कागद असेच आहेत. इस्माईलचाचांनी त्याच वेळी ओळ खोडून घेतली. यांनी मान्य केलं.” मग त्यांनी तळाशी बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. “अक्षर तुमचं आहे, चौलकर. खाली ‘वाचून दाखविला’ असं आहे. वाचून दाखवला होतात?”

प्रश्न साधा होता. ‘होय’ म्हटले असते तर कागद कायम राहिला असता, माझी अब्रू राहिली असती, आणि होडी तेलानारळावाचून कोपऱ्यात उलत राहिली असती. ‘नाही’ म्हटले तर बबन ऐकत होता. संध्याकाळपर्यंत ते कचेरीच्या फाटकाशी पोहोचले असते, आणि माझ्या हातच्या प्रत्येक कागदावर कोणीही बोट ठेवले असते. हिराजी माझ्याकडे बघतदेखील नव्हता. त्याची नजर होडीकडे होती. मी खोटे बोलेन अशी शंकाही त्याला नव्हती, कारण मी काही वाचावयाचे ठेवले आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

“नाही,” मी म्हणालो. “शेवटचा परिच्छेद वाचला नाही. रांग मोठी होती.”

सबनीसबाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत. वर्गात त्या अशाच वागत असाव्यात. “मग आता वाचा. उभे राहून.”

मी उभा राहिलो. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेला मी, तालुक्यात ज्याच्या अक्षराला मान आहे असा, हात खाली सोडून शाळेतल्यासारखा वाचू लागलो. कोणताही हक्क राहिलेला नाही. माझा अथवा माझ्या वारसांचा. सदर वस्तूस हात लावण्याचा अधिकार मला असणार नाही. लिहिताना जे वाक्य घट्ट वाटले होते, ते मोठ्याने म्हणताना तोंडात खड्यासारखे लागले.

हिराजीने पूर्ण ऐकून घेतले. मग तो हळूच म्हणाला, “वकील, हे मी बोललोच नव्हतो. मी बोललो होतो, होरी सांभाला. तुमी लिवला, मी होरी सोरली.”

“तोच हात काय, पाटीवाला?” चांगुणाबाईंनी विचारले.

“तोच,” मी म्हणालो, आणि या वेळी हात टेबलाखाली घेतला नाही.

त्यांनी माझा हात खरोखरच निरखून पाहिला. “हात बरा हाय,” त्या म्हणाल्या. “कान कमी हाय.”

सबनीसबाईंना हसू आवरले नाही, आणि तेथून पुढे सर्व सोपे झाले. वाचून न दाखविलेला कागद त्यांनी फाडून टाकावयास सांगितला. ज्यांचे ज्यांचे कागद मी केले होते त्या सर्वांना पुन्हा बोलावून वाचून दाखवावे, असेही ठरले. ते काम मी पुढे दोन महिने विनातक्रार केले. छकडेवाल्याने पोळ्याला बैल आणून जुंपण्याचा हक्क मागितला, मेण्यावाल्यांनी काहीच मागितले नाही. हिराजीच्या नव्या कागदात तीन गोष्टी आल्या. वर्षातून दोनदा त्याने होडीला तेल लावावे. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करावी. तिसरी चांगुणाबाईंची: त्या दिवशी त्यांनी होडीत बसावे. “बसून करणार काय?” सबनीसबाईंनी विचारले. “बाजाराला जायाची तशी बसेन. इतकी वर्सं बसले,” असे उत्तर मिळाले.

पौर्णिमेला शाळा-कचेऱ्यांना सुट्टी होती आणि वसाहतीतली कुटुंबे नेहमीप्रमाणे डबे घेऊन आली. आत माशाच्या तेलाचा असा दर्प सुटला होता, की काही जण दारातच थबकले. हिराजी आणि गावचे दोघे चिंध्यांनी तेल जिरवीत होते. फटी कापसाने बुजविल्या होत्या. इस्माईलचाचांनी शेजारच्या होडीला सण आहे म्हणून आपल्या टांग्याचे पितळही घासून ठेवले होते. परीटघडीचे कपडे घातलेल्या एका गृहस्थांनी पाटीकडे आणि मग हिराजीकडे पाहिले. “हात लावलेला चालतो का?” त्यांनी विचारले. सबनीसबाईंचे हात कोपरापर्यंत तेलाने भरले होते. त्यांनी एक चिंधी त्यांच्या हातात दिली. मग त्यांच्या पत्नीने मागितली, मग इतरांनी. दुपारपर्यंत ती होडी पन्नास-साठ लोकांच्या हाताखालून गेली आणि काळीभोर चकाकू लागली. टांग्यातून पडलेल्या आजीबाईही आल्या होत्या. “ह्याला घोडा लागत नाही ना?” अशी खात्री करून घेऊन त्या चांगुणाबाईंशेजारी होडीत बसल्या.

नाळेला, म्हणजे होडीच्या पुढल्या टोकाला, हळदकुंकू लागले. नारळ ठेवला. आता फोडणार, तोच चांगुणाबाई आतून म्हणाल्या, “थांबा. वकील, तो नवा कागद आनला काय?”

आणला होता. दोन प्रतींवर अंगठा घ्यावयाचा होता.

“मंग वाचा.”

“तुम्हा दोघांना वाचून दाखविला ना, काल?”

“आमाला दाखवला. तिला नाय. कागद तिचा हाय.”

लोक हसले. मीही हसणार होतो, पण हिराजी हसत नव्हता. तो वाट पाहत होता. तेव्हा मी चश्मा पुसला, होडीकडे तोंड करून उभा राहिलो आणि वाचू लागलो. हळू वाचले. एकही शब्द गाळला नाही. सदर होडी संस्थेने सांभाळावी. सदर होडीवर तांडेल हिराजी यांचा तेलाचा व नारळाचा हक्क कायम राहील. त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांचाही राहील. आयुष्यात मी कचेरीतल्या अधिकाऱ्यांपुढे पुष्कळ वाचले आहे. एवढी शांत ऐकणारी मंडळी मला दुसरीकडे मिळाली नाही.

शेवटचे वाक्य आले. ‘सदर मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे.’ मी थांबलो. हिराजीने नाळेवर तळवा ठेवला.

“मान्य हाय,” तो म्हणाला. “घ्या अंगठा.”

संस्थेच्या प्रतीवर शाईचा अंगठा घेतला. माझ्या प्रतीच्या वेळी बबन पॅड घेऊन दूर गेला होता, आणि हिराजीने वाट न पाहता तसाच तेलाचा अंगठा उमटविला. मी हरकत घेणार होतो. तेलाचा अंगठा कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरला जात नाही. परंतु सबनीसबाई म्हणाल्या, “राहू द्या, चौलकर.”

आता मी प्रत्येकाला प्रत्येक ओळ वाचून दाखवितो. घाई असलेली माणसे शेजारच्या टाइपरायटरकडे जातात, जावोत. ती प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझी शाई अलीकडे फिकी पडू लागली आहे. पण कागद उजेडासमोर धरला, की तळाशी तेल मुरलेल्या अंगठ्याएवढ्या जागेतून पलीकडचे कचेरीचे फाटक दिसते.